नव्या जीआर86 मधले दोन आवाज: एका तपासणीचा पूर्ण वृत्तांत

गाडी 2023 ची टोयोटा जीआर86, सहा गिअरची मॅन्युअल, अमेरिकेत न्यू जर्सीत नोंदलेली. ओडोमीटरवर 6,800 मैल, म्हणजे सुमारे 11,000 किलोमीटर. मालक मूळचा पुण्याचा, तिकडे नोकरीनिमित्त स्थायिक. महिना जानेवारी, सकाळचं तापमान शून्याखाली. डीलरच्या कागदावर तक्रार एका ओळीत आहे: ‘इंजिनमधून टिकटिक आवाज येतो.’ गाडी दोनदा आत जाऊन आली. पहिल्यांदा शेरा पडला ‘आवाज नॉर्मल आहे’, दुसऱ्यांदा ‘आवाज आढळला नाही’. मालकाचं म्हणणं, वर्कशॉप टाळाटाळ करतंय. वर्कशॉपचं म्हणणं, मालक नव्या गाडीच्या प्रत्येक खुट्टला घाबरतोय.

दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते, कारण गाडीत आवाज एक नव्हता, दोन होते. पहिला कोरडा, भरभर टिकटिकणारा. गार इंजिनवर मोठा, गरम झाल्यावर हलका, पण कायम. दुसरा बारीक, किंचित कर्कश, चिर्र-चिर्र असा. हा वीसेक मिनिटं गाडी चालवून सिग्नलला थांबलं की सुरू व्हायचा आणि रेस वाढवली की विरायचा. मालकाने दोन्हींना एकच नाव दिलं होतं. वर्कशॉपने सकाळी गार गाडी सुरू करून पहिला ऐकला आणि नॉर्मल म्हटलं. दुसऱ्या खेपेला गाडी दोन तास बाहेर थंडीत उभी होती, तेव्हा चिरचिर येणारच नव्हती.

अशा भांडणांतली निम्मी भांडणं तक्रार नीट न लिहिल्यामुळे होतात. आवाजाची तक्रार लिहिताना आवाजाचं वर्णन शेवटी यावं. आधी परिस्थिती: इंजिन गार की गरम, किती मिनिटं चालल्यावर, गाडी उभी की चालती, गिअरमध्ये की न्यूट्रलला, पाय कुठल्या पेडलवर, आरपीएम किती. या गाडीसाठी ओळ अशी हवी होती: ‘वीस मिनिटं चालवल्यावर, न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना, 700 ते 1,200 आरपीएममध्ये चिरचिर.’ एवढं लिहिलं असतं तर दुसऱ्या खेपेलाच निकाल लागला असता. असो.

भीती कसली होती

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, म्हणून इंजिनबद्दल थोडं. इंजिन सुबारूचं एफए24: चार सिलिंडरं आडवी, दोन-दोन समोरासमोर, म्हणजे बॉक्सर. क्षमता 2,387 सीसी, बोअर 94 मिमी, स्ट्रोक 86 मिमी, कॉम्प्रेशन 12.5:1, टर्बो नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर: एक इनटेक पोर्टमध्ये, दुसरा थेट ज्वलनकक्षात. थेट फवारणीसाठी कॅमशाफ्टवर चालणारा उच्चदाबाचा वेगळा पंप. म्हणजे टिकटिक करायला हक्काची जागा भरपूर.

मालकाची भीती वेगळीच होती. ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) आणि टायमिंग कव्हर या इंजिनात कागदी पॅकिंगने नव्हे, तर द्रवरूप सीलंटने बसवतात. सीलंट जास्त लागलं तर त्याची कडा आतल्या बाजूला फुगते, तुटते आणि तिचे तुकडे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर, म्हणजे स्ट्रेनरवर, जाऊन बसू शकतात. जाळी अडली की पंपाला ऑइल कमी, बेअरिंगला दाब कमी, आणि मग पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजायला लागतं. याच गाडीच्या पहिल्या पिढीच्या 2012-13 च्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी 2018 मध्ये परत बोलावल्या गेल्या. त्या कामानंतर काही इंजिनं निकामी झाल्याच्या तक्रारी मालकांनी केल्या, तेव्हापासून सीलंटचा विषय या गाडीवाल्यांच्या डोक्यातून जात नाही. भीती निराधार नाही. पण टिकटिक ऐकली की सीलंट, हे समीकरणही बरोबर नाही.

आधी ऑइल

क्रम महत्त्वाचा आहे. ज्या आवाजाने इंजिन बसू शकतं तो पहिल्यांदा वगळायचा, भले तो सगळ्यात कमी शक्यतेचा असो. म्हणून कानाने ऐकण्याआधी ऑइल.

सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहिली. पातळी वरच्या खुणेपाशी, ऑइल 0डब्ल्यू-20, पेट्रोलचा वास नाही. थेट फवारणीच्या गाडीत वास मुद्दाम घ्यावा. थंडीत छोट्या-छोट्या फेऱ्या मारल्या की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन जास्त वाजतं.

मग फिल्टर. एफए इंजिनात तो वर, बोनेट उघडताच हाताशी येतो, त्यामुळे न बदलण्याला कारणच नाही. काढलेला फिल्टर कटरने कापायचा. हॅकसॉने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि मग तोच पाहून घाम फुटतो. आतला कागद कापून काढून व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळलं, पांढऱ्या कापडावर उलगडला आणि तिरक्या उजेडात पाहिला. चुंबकाला चिकटणारं काही नाही. तांब्याच्या किंवा चंदेरी रंगाचे पत्र्यासारखे कण नाहीत. बेअरिंग सुटायला लागलं की तेच दिसतात. ॲल्युमिनियमची अगदी बारीक चमक, जी नव्या इंजिनात असतेच. आणि दोन राखाडी, रबरासारखे धागे, तीन-चार मिलिमीटरचे.

हे सीलंटच. इथे बरेच जण गाडी टो करायला निघतात. पण ऑइलचा रस्ता लक्षात घ्या: चेंबर, स्ट्रेनर, पंप, फिल्टर, मग बेअरिंग. फिल्टरमध्ये सापडलेला धागा जाळीतून निसटून पंपापलीकडे आला आणि फिल्टरने अडवला. बेअरिंगच्या दृष्टीने तो निकामी झाला. प्रश्न जाळीवर अडकलेल्या मोठ्या तुकड्यांचा आहे, आणि त्याबद्दल फिल्टर काहीच सांगत नाही. फिल्टर स्वच्छ असला तरी जाळी भरलेली असू शकते. हीच गोष्ट प्रयोगशाळेत ऑइल तपासून घेण्याची. नव्या इंजिनात सिलिकॉन, तांबं आणि लोखंड चढेच येतात, कारण सीलंट मुरतंय आणि भाग एकमेकांशी बसताहेत. एका नमुन्यावरून काहीही ठरत नाही. दोन-तीन ऑइल बदलांत आकडे उतरताहेत की चढताहेत हे पाहावं लागतं.

जाळीबद्दल बोलतो तो दाब. डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा त्यासाठी बिनकामाचा आहे. तो दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तोवर बेअरिंगचं व्हायचं ते झालेलं असतं. प्रेशर स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावला. गाडी अर्धा तास फिरवून ऑइल 95 अंशांवर आणलं. आयडलिंगला 1.5 बार, 3,000 आरपीएमला 4.1 बार, म्हणजे जवळपास 60 पीएसआय. वर्कशॉपचा अंगठ्याचा नियम असा की गरम इंजिनात दर 1,000 आरपीएममागे किमान 10 पीएसआय असावेत. इथे त्याच्या दुप्पट होते. त्याहून महत्त्वाचं, आरपीएम वर धरून ठेवल्यावर काटा थरथरला नाही की खाली घसरला नाही. जाळी अडलेली असेल तर आयडलिंगला दाब ठीक दिसतो आणि वरच्या आरपीएमला, पंप जास्त ऑइल मागतो तेव्हा, काटा डळमळतो. गेज फक्त आयडलिंगला पाहून काढणारे नेमकी हीच खूण हुकवतात.

चेंबर उघडून जाळी पाहावी का, हा प्रश्न मालकाने विचारलाच. उत्तर नाही. चेंबर परत बसवताना पुन्हा सीलंटच लावावं लागतं. कारखान्यात यंत्राने लावलेली रेघ खरवडून त्या जागी लिफ्टखाली वाकून हाताने नवी रेघ ओढायची, ती ज्या भीतीने उघडलं तीच भीती नव्याने आत घालून. दाब चांगला असताना केवळ मनाच्या समाधानासाठी हे करू नये. दाब घसरला असता तर प्रश्नच नव्हता, लगेच उघडायचं.

मोजणी

आता आवाज. रेकॉर्डिंग फोनवर चालतं, पण फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर नको. बोलणं स्पष्ट यावं म्हणून तो एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. व्हिडिओ घ्यावा, त्याच चौकटीत ओबीडी वाचकावरचा (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) आरपीएम दिसेल असा. या गाडीत केबिनमध्ये बसून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून धरू नये, कारण इंजिनचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवण्याची सोय कारखान्यातूनच बसवलेली आहे. दारं बंद, फोन बाहेर: एकदा पुढच्या चाकाच्या कमानीत, एकदा बोनेटखाली, एकदा गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूने.

मग व्हिडिओतला आवाज कुठल्याही साध्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाव वेगाने वाजवायचा आणि ठोके मोजायचे. हिशेब सोपा आहे. गाडी 720 आरपीएमवर आयडल करत होती, म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला 12 फेरे. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, 6. चार सिलिंडरांत दोन फेऱ्यांत मिळून चार वेळा फवारणी, म्हणजे फेरीला दोन, सेकंदाला 24. उच्चदाब पंपाचे ठोके त्याच्या कॅमवर तीन उंचवटे आहेत की चार यावर. 18 किंवा 24. व्हॉल्व्ह उघडणारा एखादा टॅपेट किंवा रॉकर वाजत असेल तर 6. रॉड बेअरिंग वाजत असेल तर 12. आणि पेट्रोलच्या टाकीतली वाफ इनटेकमध्ये सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह इंजिनच्या फेऱ्यांशी संबंधच ठेवत नाही. रेस केली तरी त्याची लय तीच राहते, आणि कनेक्टर काढला की गप्प. नव्या गाडीत ‘टॅपेट वाजतोय’ म्हणून आलेल्या तक्रारींत हा व्हॉल्व्ह पुष्कळदा निघतो, म्हणून तो आधी काढून पाहावा. फुकटची चाचणी आहे.

टिकटिक सेकंदाला 24 निघाली. स्टेथोस्कोपची सळई इंजेक्टर रेलवर आणि पंपाच्या बुडाशी टेकवली की कानात ठणठण, सिलिंडर हेडच्या कव्हरवर बोथट, खाली चेंबरवर जवळजवळ नाही. गार असताना मोठी का, याचंही उत्तर मिळतं: गार सुरुवातीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी संगणक आरपीएम चढा ठेवतो, ठिणगी उशिरा टाकतो आणि फवारणीचं वेळापत्रक बदलतो. पहिलं अर्धं-एक मिनिट थेट फवारणीचं कुठलंही इंजिन खडखडतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून निघणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्यांचं बोनेट थंड सकाळी उघडून ऐकलं तर हाच सूर मिळेल.

एक शंका उरली होती: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट. तिथून फट असेल तर तीही गार असताना टिकटिकते आणि धातू तापून फुगला की बंद होते. गार इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड कापडाचा बोळा दोन-तीन सेकंद दाबला. फट असती तर फुसफुस वाढली असती. वाढली नाही. जोडाभोवती काजळीही नव्हती. टिकटिक या प्रकरणातून बाद. ती आजही त्या गाडीत आहे आणि राहणार आहे.

चिरचिर

चिरचिर मोजली आणि सेकंदाला 12 भरली.

ही संख्या पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल, कारण रॉड बेअरिंगचाही हिशेब 12 चाच. पण फेरीला एकदा वाजणारं क्रँकशाफ्टवर आणखी बरंच काही आहे: पुढची पुली, मागचं फ्लायव्हील, त्यावरची क्लच प्रेशर प्लेट, तिच्या बोटांना टेकलेलं, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. मोजणीने गुन्हेगार सापडत नाही, संशयितांची यादी तेवढी आखूड होते. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची.

रॉड बेअरिंगच्या विरुद्ध बरंच होतं. त्याचा आवाज जड, खोल, ठोक-ठोक असा. चिरचिरीत धातूवर धातू आपटत नाही, घासतो. रॉड 2,000 ते 3,000 आरपीएमला हलका ऍक्सिलरेटर देऊन सोडताना उठतो. हा आवाज 1,200 च्या वर नाहीसा होत होता. तरी खात्रीसाठी एकेक सिलिंडर बंद करून पाहिलं. वाजणाऱ्या रॉडच्या सिलिंडरमध्ये ज्वलन थांबवलं की ठोका मऊ होतो. हे करताना इग्निशन कॉइल काढू नये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. स्कॅनरवरून त्या सिलिंडरचे इंजेक्टर बंद करावेत, दोन्ही इंजेक्टर, आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. चारही सिलिंडरांत चिरचिरीला फरक पडला नाही.

पुढची बाजू: इंजिन गरम असताना बेल्टच्या दातेरी बाजूवर स्प्रे बाटलीने पाणी मारलं. बेल्ट किंवा पुली तिरपी असेल तर पाण्याने आवाज तेवढ्यापुरता थांबतो किंवा एकदम वाढतो. काहीच झालं नाही. बेल्ट काढून चालवण्याची वेळ आली नाही. आली असती तर अर्ध्या मिनिटात इंजिन बंद करायला हवं, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे.

उरली मागची बाजू. पुण्यातला कुठलाही जुना मिस्त्री इथे पहिल्या पाच मिनिटांत पोचला असता: न्यूट्रलला ठेवून क्लचवर पाय. फक्त तो पाय कसा ठेवायचा यात खरी मेख आहे. पेडल तीन जागी तपासायचं.

पूर्ण सोडलेलं. मग बोटभर, म्हणजे पेडल जेमतेम पाच ते दहा मिलिमीटर हलेल एवढं, क्लच सुटण्याच्या कितीतरी आधी. मग पूर्ण दाबलेलं. सोडलेलं असताना वाजतो आणि नुसता पाय टेकवला की थांबतो, तर दोष रिलीज बेअरिंग, त्याला ढकलणारा फोर्क किंवा फोर्कच्या टेकूत. टेकवल्याने फरक नाही पण पूर्ण दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा न्यूट्रलमधली गिअरची खडखड, कारण आता शाफ्टच थांबला. दाबल्यावरच सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग आतून गेलेलं, नाहीतर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग.

बरेच जण मधली पायरी गाळून थेट पूर्ण दाबतात आणि फसतात. पूर्ण दाबलेला क्लच क्रँकशाफ्टला पुढे रेटतो आणि त्याचा भार त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. क्रँकशाफ्टचा एखादा खराच आवाज त्याने बदलू शकतो, आणि मग इंजिनचा दोष क्लचच्या खात्यावर जातो. बोटभर दाबण्यात क्रँकशाफ्टला कळतसुद्धा नाही.

इथे पाय टेकवला आणि चिरचिर तत्क्षणी बंद. उचलला, अर्ध्या सेकंदात परत. गाडीखाली फोन धरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतकं स्वच्छ येतं की वर्कशॉपशी वाद उरत नाही.

आवाज का होतो

या गाडीत क्लच सोडलेला असतानाही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना हलकं टेकलेलंच असतं आणि इंजिनबरोबर फिरत राहतं. बोटांची उंची सगळीकडे अगदी सारखी नसते. त्यामुळे दर फेरीला बेअरिंगला एक बारीक धक्का बसतो, तो फोर्कला जातो आणि फोर्क ज्या गोल टेकूवर डुलतो तिथे केसभर सरकतो. टेकूवर ग्रीस असेल तर ऐकू येत नाही. ग्रीस कमी असेल, वाळलं असेल किंवा कडेला सरलं असेल तर दर फेरीला एक चिर्र. पाय टेकवला की फोर्क टेकूवर घट्ट बसतो, सरकणं थांबतं, आवाज जातो. आरपीएम वाढले की धक्के इतके जलद येतात की फोर्कला सरकायला सवड मिळत नाही. गार असताना जाड ग्रीस कसंबसं धरून ठेवतं, आणि बेलहाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं घर, तापलं की सोडून देतं; म्हणून वीस मिनिटांची अट.

पहिल्या पिढीच्या मालकांना हा आवाज चांगला ओळखीचा आहे. त्याच पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत उच्चदाब पंपाचाही किरकिराट होता, ज्याला तिकडे सरळ रातकिडे म्हणतात. दोन्ही आवाज बारीक, दोन्ही आयडलिंगला येणारे, त्यामुळे एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे भाग बदलले जाणं सहज शक्य आहे. पेडलची चाचणी त्यांनाही वेगळं करते. पंपाला क्लचशी देणंघेणं नाही.

काम

गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. फोर्कभोवतीच्या रबरी बूटच्या फटीतून नळीने ग्रीस फवारणं हा उपाय लोक करतात. त्यातला एक शिंतोडा क्लच प्लेटवर गेला की आवाजाऐवजी झटके मारणारा क्लच पदरात पडतो, आणि वॉरंटी देणारा मग त्याकडे बोट दाखवतो. दुसरा त्याहून वाईट उपाय म्हणजे पेडलचा रॉड फिरवून मोकळी चाल संपवणं, म्हणजे बेअरिंगवर कायम दाब राहील. आवाज जातो खरा. पण मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र उघडं राहिलं नाही तर गरम झालेलं फ्लुइड फुगून क्लच आपोआप अर्धवट सुटतो आणि घसरून प्लेट जळते.

बॅटरीची तार काढली, मग एक्झॉस्टचा पुढचा भाग, प्रोपेलर शाफ्ट (तो ओढताच गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतं, बूच तयार ठेवावं), गिअर लिव्हरचे जोड, पेडलच्या दाबाने फोर्क ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर. स्लेव्ह बाजूला टांगताना पाइप उघडायची गरज नाही, पण तेवढ्या वेळात कुणी क्लच दाबला तर पिस्टन बाहेर उडतो. पेडलवर चिठ्ठी चिकटवावी. इंजिनला मागून आधार देऊन गिअरबॉक्स जॅकवर सरळ मागे ओढायचा. तो इनपुट शाफ्टवर लटकू दिला तर क्लच प्लेटचा हब वाकतो.

आत दिसलं ते अपेक्षेप्रमाणे. फोर्कच्या खळगीत चकचकीत घासलेला चट्टा, त्याभोवती तपकिरी भुकटी, म्हणजे कोरड्या लोखंडाच्या सूक्ष्म घर्षणाचा गंज. ग्रीस होतं, पण सगळं कडेला सरून कड्यासारखं जमलेलं. बेअरिंग सरकतं त्या नळीवर एका बाजूला रेघ. बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखर नाही, पण नवीन बेअरिंगच्या शेजारी धरलं की आत ग्रीस कमी असल्याचं जाणवतं. क्लच प्लेट, फ्लायव्हील, क्रँकशाफ्टचं मागचं सील उत्तम.

बदललं ते एवढंच: रिलीज बेअरिंग, त्याची क्लिप, फोर्क आणि टेकू. फोर्क शाबूत दिसत असला तरी चट्टा पडलेल्या खळगीवर नवा टेकू बसवला तर नवं ग्रीसही तिथून लवकर हटतं. ग्रीस उच्च तापमानाचं, मोलिब्डेनमयुक्त. टेकूवर मुगाच्या दाण्याएवढं, फोर्कच्या दोन टोकांवर त्याहून कमी, नळीवर बोटाने पुसल्यासारखा थर, इनपुट शाफ्टच्या खाचांवर लावून कापडाने जवळजवळ पुसून टाकलेलं. साधं चासिस ग्रीस इथे वितळून उडतं. बेलहाउसिंगचे बोल्ट आधी हाताने बसवून दोन्ही तोंडं पूर्ण टेकल्यावरच टॉर्क द्यायचा. बोल्टने ओढून गिअरबॉक्स जागी आणणारे ॲल्युमिनियमचे कान तोडतात.

कागद

वॉरंटीच्या बाबतीत दोन अडथळे आले. एक, ‘क्लच झिजणारा भाग आहे’. प्लेट झिजणारी आहे, हे बरोबर. 6,800 मैलांवर कोरडा पडलेला टेकू ही झीज नव्हे. अमेरिकेत टोयोटाची मूळ वॉरंटी 3 वर्षं किंवा 36,000 मैल आहे, त्यात हे बसलं. दुसरा, मालकाने पहिलं ऑइल स्वतः बदललं होतं. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेर देखभाल केली म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, मात्र ऑइल आणि फिल्टरची पावती, तारीख आणि मैल हाताशी असलेले बरे. आधीचे ‘आवाज नॉर्मल आहे’ आणि ‘आवाज आढळला नाही’ हे दोन्ही शेरेही कामी आले. न्यू जर्सीच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष गाड्यांबाबतच्या कायद्यात, पहिल्या 2 वर्षांत किंवा 24,000 मैलांत एकाच दोषासाठी झालेल्या खेपा मोजल्या जातात, म्हणून दोष सापडला नाही तरी प्रत्येक खेपेचा कागद घेऊनच बाहेर पडावं.

गाडी परत देताना चाचणी त्याच अटींवर झाली: वीस मिनिटं चालवून, न्यूट्रल, क्लच सोडलेला, 720 आरपीएम, फोन गिअरबॉक्सखाली. रेकॉर्डिंगमध्ये 24 ची टिकटिक आहे, 12 चं काही नाही. पुढच्या ऑइल बदलाला फिल्टर पुन्हा कापायचा आणि धागे दोनाचे किती झाले ते पाहायचं, एवढं काम मालकाकडे बाकी आहे.